वीस मुंग्यांची सायाळ

एका जंगलात वाघ सोडून सगळ्यांना रांगेत उभं राहावं लागायचं. वाघाला का नाही, हे विचारू नका. विचारणारेही रांगेतच उभे होते.

पोरांनो, चुळबुळ थांबवा. गोष्ट एकदाच सांगेन.

त्या जंगलात हौसाक्का नावाची एक सायाळ राहायची. सायाळ म्हणजे अंगभर काटे असलेला प्राणी. हौसाक्काच्या अंगावर इतके काटे होते, की ती चालली की खुळखुळा वाजल्यासारखं व्हायचं. टेकडीच्या पोटात तिचं बीळ होतं. स्वतःच्या नखांनी खणलेलं. एकदा एक तरस म्हणाला, "म्हातारे, बीळ सोड." त्याच्या नाकात तीन काटे गेले. त्यानंतर तो सगळ्यांनाच मावशी म्हणायला लागला.

हौसाक्काची लेक तानू बाळंतपणाला माहेरी यायची होती. बिळात गवत अंथरून झालं होतं. मुळं साठवून झाली होती.

तेवढ्यात दरबारचा हुकूम निघाला. ज्याचं बीळ किंवा घरटं असेल, त्याने ते आपल्या फोटोसकट नोंदवावं. मुदत पौर्णिमेपर्यंत. नोंद नाही, तर बीळ नाही.

"बीळ माझं आहे, हे बिळाला माहीत आहे," हौसाक्का म्हणाली. "दरबाराला सांगायची काय गरज?"

पण पौर्णिमेला नऊच दिवस उरले होते. लेकीलाही तेवढेच. मग हौसाक्का मुकाट्याने तळ्यावर बगळ्याकडे गेली.

तो बगळा फोटो काढायचा. एका पायावर उभा राहिला की तासभर हलायचा नाही. म्हणून त्याचा फोटो कधी हलला नाही.

"अक्का, जरा हसा," बगळा म्हणाला.

"माझं बीळ चाललंय आणि हसू? काढ तसाच."

फोटो काढला. त्या जंगलात फोटो पानावर उमटायचे. सागाच्या पानावर उमटला की त्याला म्हणायचे पीएनजी. पळसाच्या पानावर उमटला की जेपीजी. फोटो तोच, सायाळ तीच, पान तेवढं वेगळं. पण अशा पानांसाठी राज्यं अडून बसतात, हे तुम्ही मोठे झालात की कळेल.

बगळ्याने सागाचं पान वापरलं. शिवाय मागची झाडं, तळं, चिखल, सगळं काढून टाकून पाठ मोकळी ठेवली. म्हणाला, "अक्का, तुमच्या मागे आता काहीच नाही. फक्त तुम्ही."

खरंच, काटा न् काटा दिसत होता. काट्यावरचा काळा पट्टा दिसत होता, पांढरा पट्टा दिसत होता. डोळ्यांतला राग तर पानाबाहेर येत होता. हौसाक्काला फोटो आवडला. पण तसं बोलून ती बगळ्याला लाडावून ठेवणारी नव्हती.

कचेरीत खिडकीवर घुबडसाहेब बसायचे. भर दुपारी. हौसाक्काने पान पुढे केलं. साहेबांनी ते पंजाने चाचपलं.

"साग. चालणार नाही. पळस आणा."

"अहो, डोळे उघडून बघा तरी. मीच आहे."

"डोळे उघडेच आहेत, बाई. मला दिवसा दिसत नाही."

"मग दिवसा कशाला बसता?"

"कचेरी दिवसाची आहे."

"आणि रात्री?"

"रात्री मला सगळं लख्ख दिसतं," घुबडसाहेब उसासा टाकून म्हणाले, "पण तेव्हा अधिकार नसतो. पुढचा कोण?"

कचेरीबाहेर एका गव्याने दुकान थाटलं होतं. पाटी लावली होती : 'फोटोचे रूपांतर करून मिळेल. सागाचे पळस, पळसाचे साग.' गवोबा स्वभावाने गरीब होता. त्याचं यंत्र म्हणजे त्याचं पोट. गव्याच्या पोटाला चार कप्पे असतात, हे तुमच्या पुस्तकात आहे. पण तो फोटो गिळायचा, चारही कप्प्यांतून फिरवायचा, वर आणायचा, रवंथ करायचा आणि दुसऱ्या पानावर ठेवायचा, हे पुस्तकात नाही.

"मूळ फोटो परत मिळतो का?" हौसाक्काने विचारलं.

"अक्का, गिळलेलं मूळ कधी परत मिळालंय?"

त्याने पान गिळलं. बराच वेळ चघळलं. मग पळसाच्या पानावर फोटो ठेवला. सायाळ होती तशीच होती. जरा ओलसर होती, एवढंच. पण तिच्या मागची मोकळी जागा काळीकुट्ट झाली होती.

"हे काळं कुठून आलं? माझ्या मागे तर काहीच नव्हतं!"

"पळसाला 'काहीच नाही' दाखवता येत नाही, अक्का. तो तिथे काळं भरतो."

हौसाक्का पुन्हा रांगेत. घुबडसाहेबांनी पान चाचपलं. मग पंजा झटकन मागे घेतला.

"पाठ काळी आहे. ऊन खाऊन तापलीय. पाठ पांढरी पाहिजे."

पुन्हा गवोबा. पुन्हा रवंथ. पाठ पांढरी झाली, पण घासता घासता कडेचे काटे झिजले. हौसाक्का आता सायाळीपेक्षा फणस दिसायला लागली.

पुन्हा खिडकी. या वेळी साहेबांनी पान तराजूत टाकलं. एका पारड्यात पान, दुसऱ्यात मुंग्या. त्या जंगलात फोटोचं वजन केबीत करत आणि एक केबी म्हणजे एक मुंगी. पारडं सारखं व्हायला चाळीस मुंग्या चढल्या.

"वीसच्या वर चालत नाही."

"हे आधी सांगायला काय तोंडात किडे भरले होते?"

"आधी वजनापर्यंत तुम्ही पोचला नव्हता."

रांगेत तिच्या मागे एक मोर उभा होता. तोही तिसऱ्यांदा आला होता. त्याचा पिसारा दुसऱ्या रवंथात गेला होता. "अक्का," तो रडवेला होऊन म्हणाला, "माझ्या फोटोला आता लोक कोंबडी म्हणतात."

"पिसारा अंगावर आहे ना? मग रडतोस काय? उभा राहा नीट."

पण गवोबाकडे जाताना तिचाही पाय जड झाला होता. पौर्णिमेला दोनच दिवस होते. तानू टेकडीच्या पलीकडे येऊन थांबली होती. नोंद नसलेल्या बिळात बाळंत झाली, तर पिल्लंसुद्धा दरबारात जमा होतील, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

गवोबाने डोळे मिटून रवंथ केलं. दुपार कलली. शेवटी फोटो बाहेर आला. वजन बरोब्बर वीस मुंग्या.

पानावर एक करडा गोळा होता.

"माझे काटे कुठे गेले?"

"काटे जड असतात, अक्का. पहिले तेच जातात."

"आणि डोळे?"

"हा काय. हा ठिपका."

"मेल्या, ती तुझी लाळ आहे!"

गवोबाने मान खाली घातली. "खरं सांगू का? मला रोज वाईट वाटतं. पण पान पास होतंय की नाही बघा."

पान पास झालं. घुबडसाहेबांना तर भरून आलं. "पळस आहे. पाठ थंड आहे. वीस मुंग्या. वा! हौसाक्का, तुम्ही अगदी हुबेहूब आला आहात." त्यांनी ठप्पा मारला.

हौसाक्का घरी आली आणि लेकीला निरोप धाडला, ये. कागद झाला.

पोरांनो, इथे गोष्ट संपली असती, तर मी ती सांगितली नसती.

दुसऱ्या दिवशी पडताळणी आली. पडताळणीचं काम उदमांजराकडे होतं. त्याच्याबरोबर भाऊसाहेब होते. भाऊसाहेब म्हणजे रानडुक्कर, वाघाच्या राणीचे मानलेले भाऊ. त्यांना काही काम नव्हतं, म्हणून ते प्रत्येक कामाला हजर असत.

उदमांजराने पान वर धरलं. एकदा पानाकडे पाहिलं, एकदा हौसाक्काकडे.

"जुळत नाही."

"कसं जुळेल? तीन वेळा चघळलाय तो. फोटो चुकीचा आहे."

"फोटो मंजूर आहे. मंजूर फोटो चुकीचा नसतो. म्हणजे चूक तुमच्यात आहे. फोटोत काटे नाहीत, तुम्हाला आहेत. काढून टाकता का?"

"जवळ ये. तुझ्यातच काढून ठेवते."

उदमांजर चार पावलं मागे सरकलं आणि भाऊसाहेबांवर आदळलं. मग त्याने मान वळवली. भाऊसाहेबांकडे पाहिलं. पानाकडे पाहिलं. करडा गोळा. करडे भाऊसाहेब.

"जुळलं!" उदमांजर ओरडलं. "हौसाक्का, नमस्कार."

"मी?" भाऊसाहेब दचकले. "अरे, मला सुळे आहेत."

"सुळे वीस मुंग्यांत बसत नाहीत."

भाऊसाहेबांनी विचार केला. बीळ फुकटात मिळत होतं. "असेन," ते म्हणाले. "मी हौसाक्का असेन."

त्या दिवशी उदमांजर सगळ्या जंगलात फिरलं. गवोबा एकच आणि पोट एकच, त्यामुळे सगळ्यांचे फोटो एकसारखेच करडे गोळे झाले होते. संध्याकाळपर्यंत भाऊसाहेब हौसाक्का झाले, मोर झाले, ससा झाले, दोन मुंगसं झाले आणि एक विधवा खार झाले. एकूण त्रेचाळीस घरं त्यांच्या नावावर झाली. त्यात सात घरटी होती.

सगळे प्राणी रडत बसले. हौसाक्का बसली नाही. ती कचेरीच्या भिंतीपाशी गेली. तिथे हुकूम लावलेला होता. सगळ्यांनी फक्त वरची ओळ वाचली होती, कारण ती मोठ्या अक्षरात होती. हौसाक्का कुठल्या शाळेत गेली नव्हती. पण मुळं उकरत उकरत खालपर्यंत जायची तिला सवय होती. तिने बोट ठेवून शेवटची ओळ वाचली आणि खिडकीवर आली.

"घुबडा, तुझ्याच हुकुमात लिहिलंय. मालकाने सात दिवस बिळात राहून रोज हजेरी द्यायची. नाही दिली, तर नोंद रद्द."

"लिहिलंय खरं," घुबडसाहेब म्हणाले. त्यांनाही ते प्रथमच कळत होतं.

"मग ने तुझ्या हौसाक्काला बिळात."

मिरवणुकीने भाऊसाहेबांना टेकडीवर आणलं. त्यांनी तोंड बिळात घातलं. खांदे बाहेर राहिले.

"साहेब, बसत नाही," उदमांजर म्हणालं.

"बसत नाही म्हणजे काय?" घुबडसाहेब उन्हात डोळे मिचकावत म्हणाले. "जे मापात बसत नाही, ते बसवायचं. नियम आहे. गवोबा, यांना जरा चघळा."

"साहेब, मी शाकाहारी आहे," गवोबा म्हणाला. हे त्याचं आयुष्यातलं पहिलं 'नाही'.

मग सहा रानरेड्यांनी भाऊसाहेबांना मागून ढकललं. एक, दोन, तीन. भाऊसाहेब शेपटीपर्यंत आत गेले आणि बूच बसावं तसे बसले. ना पुढे, ना मागे. बाहेर फक्त शेपटी राहिली.

"ताबा पूर्ण," घुबडसाहेबांनी लिहिलं.

तानू झाडामागे उभी होती. ती ओक्साबोक्शी रडायला लागली. "आई गं, दारच बुजलं! आता कुठे जाऊ?"

"गप," हौसाक्का म्हणाली. "सायाळ कधी एका दाराचं घर बांधते का? तुझ्या सासरी बांधत असतील." आणि लेकीला घेऊन ती टेकडीमागच्या बोरीच्या जाळीत शिरली. तिथून एक बोगदा थेट आतल्या खोलीत जात होता.

खोलीत गवत होतं, मुळं होती आणि भिंतीतून बाहेर आलेलं भाऊसाहेबांचं तोंड होतं.

"अक्का, सोडवा," तोंड म्हणालं.

"अक्का कोण? हौसाक्का तर तुम्ही."

पौर्णिमेला तानूला दोन पिल्लं झाली. सायाळीची पिल्लं जन्मतात तेव्हा काटे मऊ असतात. तासाभरात कडक होतात. भाऊसाहेबांच्या नाकाला ते तासाभरात कळलं.

रोज दुपारी घुबडसाहेब हजेरीला यायचे. दिसायचं काहीच नाही. शेपटीपाशी उभं राहून हाक मारायचे, "हौसाक्का!"

भाऊसाहेब तोंड उघडायला जायचे. हौसाक्का एक काटा त्यांच्या नाकासमोर धरायची आणि स्वतः ठणठणीत आवाजात ओरडायची, "हजर!"

"हजर," घुबडसाहेब लिहायचे. नाव बरोबर, आवाज बरोबर, बीळ बरोबर. सगळ्या कचेरीत ती एकच नोंद खरी होती आणि तिला लावलेला फोटो डुकराशी जुळलेला होता.

सात दिवसांत भाऊसाहेब इतके वाळले, की आठव्या दिवशी आपोआप सुटले. उदमांजर म्हणालं, "चला, आता बेचाळीस राहिली. पुढचं घर खारीचं. आंब्याच्या ढोलीत." भाऊसाहेबांनी वर ढोलीकडे पाहिलं आणि जे पळत सुटले, ते शेजारच्या जंगलात जाऊन थांबले. तिथे ते अजून स्वतःचं नाव विचारलं की गप्प बसतात.

बेचाळीस घरांत कुणी राहून दाखवलं नाही. त्या नोंदी रद्द झाल्या. जो तो आपल्या घरात परत गेला, पूर्वी राहत होता तसाच, कागदाशिवाय.

दरबारात मात्र आनंदीआनंद झाला. वाघाने घुबडसाहेबांना शाल दिली. एवढे फोटो आणि एकही दुसऱ्यापेक्षा वेगळा नाही, अशी शिस्त त्याने पाहिली नव्हती. त्याने नवा हुकूम काढला : यापुढे कुणी फोटो काढू नये. करडा गोळा छापील मिळेल. खिडकीवर घ्यावा आणि त्याच खिडकीवर परत द्यावा.

तेव्हापासून त्या जंगलात एकाही प्रजाजनाचा फोटो नामंजूर झालेला नाही.

तात्पर्य : पोरांनो, नाकीडोळी नीटस दिसण्याची हौस धरू नका, नाक, डोळे आणि काटे यांचं वजन फार होतं. गोळा व्हा. गोळ्याला कचेरीत कधी कुणी अडवत नाही. आणि एवढं करूनही ज्याला स्वतःच्याच घरात राहायचं असेल, त्याने फोटोच्या भरवशावर न बसता आजच मागचं दार खणायला घ्यावं, आणि ते कुठल्याही अर्जात लिहू नये.