एकही अकुशल नाही

सामंतसाहेब कुणाला नमस्कार करत नाहीत. समोरच्याचा हात धरतात, तळवा वर करतात आणि चष्मा कपाळावर सरकवून नीट बघतात. पूनम सागर सोसायटीत मी वॉचमन म्हणून लागलो, त्या दिवशी माझाही हात असाच धरला. मला वाटलं ज्योतिषी आहेत. भीतभीत विचारलं, "साहेब, नोकरी टिकेल का?"

"ते मला काय माहीत? तुला येतं काय, ते सांग."

"काही नाही, साहेब. सातवीत शाळा सुटली."

"शाळा सुटली. हात कुठं सुटलेत?"

साहेब गिरगावातून इकडे आलेले, रिटायर्ड, तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. कुठल्या वस्तीत कुणाला काय काम येतं, कुठे कसले क्लास काढायचे, याचा आराखडा महापालिकेने करायला घेतला, तेव्हा आमच्या भागातले फॉर्म भरायचं काम त्यांनी फुकटात मागून घेतलं. मासळीवाली मावशी टोपली उतरवत म्हणाली, "मला काय येतंय? काय न्हाय." साहेबांनी लिहिलं, 'नुसत्या वासावरून माल तपासणे.' फरसाणवाला शेठ म्हणाला, "अंकल, धंधे का टाइम है, बाद में." साहेब तासभर दुकानासमोर उभे राहिले आणि लिहून आले, 'गिऱ्हाइकाला न दुखावता वाटेला लावणे.'

मला लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकायचं होतं. दिवसभर लिफ्टशेजारीच बसतो. ती अडकली की मेकॅनिक येईपर्यंत सगळे माझ्यावर ओरडतात. क्लास आमच्या भागात निघाला तर ड्यूटी सांभाळून जमणार होतं. लांब निघाला तर नोकरी सोडावी लागणार, आणि हिंगोलीचं घर माझ्या पगारावर चालतं.

"निघणार रे," साहेब म्हणायचे. "मी बसलोय ना इथे."

क्लासची कच्ची यादी लागली. आमचा भागच नव्हता त्यात. कारण साहेबांनी इतके फॉर्म भरले, पण 'अकुशल'च्या रकान्यात एकही खूण केली नव्हती. कागदावर आम्ही सगळेच कारागीर. आम्हाला शिकवायचं काय?

साहेब गठ्ठा घेऊन माझ्या केबिनमध्ये बसले. "उद्या दुपारपर्यंत दुरुस्त करून द्यायचेत."

"मग माझ्यापासून सुरू करा. लिहा अकुशल. मला राग नाही."

साहेबांनी पेन उघडलं. बंद केलं. "पाचव्या मजल्यावरच्या आजी अडकल्या, तेव्हा अर्धा तास जाळीतून त्यांच्याशी गप्पा मारत बसलास. हसत बाहेर आल्या त्या. आणि तुला अकुशल लिहू?"

"लिहा हो, नाहीतर माझा क्लास जाईल."

"नाही जमत रे."

मग एकदम उठले. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला पट्टीने रेघ मारली आणि वर लिहिलं, 'काय शिकायचंय?'

काय गर्दी उसळली म्हणता. मावशीला मोबाइलवर ऑर्डर घ्यायला शिकायचं होतं. शेठ दुकान सोडून स्वतः आला. "अंकल, मेरा भी लिखो. कंप्यूटर पे बिल बनाना है, लड़का नहीं सिखाता." लिफ्टसाठी तर रांगच लागली.

दुसऱ्या दिवशी प्रभाग कार्यालयात गठ्ठा मीच उचलून नेला. खिडकीतल्या मॅडम फॉर्म उलटून बघत म्हणाल्या, "काका, हा रकाना आमच्या फॉर्मात नाही."

"माणसं तुमच्याच हद्दीतली आहेत ना?"

मॅडम गठ्ठा घेऊन आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मग हसतच बाहेर आल्या. "लिफ्टचा क्लास आराखड्यात घेतलाय. तुमच्याच भागात. सातवी चालेल."

मी तिथेच साहेबांच्या पाया पडलो. ते पाय मागे घेत राहिले.

"आणि काका, हा शेवटचा तुमचाच का?" मॅडमनी वाचलं. "काय येतं, काही नाही. काय शिकायचंय, एका माणसाचा भात लावणे."

साहेब टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, "हिला जाऊन तीन वर्षं झाली. हात अजून दोघांचेच तांदूळ घेतो."

मॅडमच्या हातातला शिक्का तसाच राहिला.

"तो फॉर्म काढून टाका, मॅडम," मी म्हणालो. "साहेब, भात दोघांचाच लावा. उद्यापासून दुपारी मी वर येतो जेवायला."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आमटी जमत नाही हं मला."

"मला जमते," मी म्हणालो.