हवालदारांची जपानीण

भर वैशाखात एक सहाफुटी, झुबकेदार मिशांचा माणूस अंगणात उघड्या डोक्यानं उभा आहे, अंगावरून घामाच्या धारा चालल्या आहेत, आणि हातातली छत्री त्यानं एका वीतभर झाडावर धरली आहे. आमच्या उंब्रजला नव्यानं आलेला माणूस हे पाहून थबकायचाच. मग शेजारच्या माझ्या गिरणीत हळूच शिरून विचारायचा, "ह्येंचं बरं हाय न्हवं?"

मी म्हणायचो, "त्यांचं बरं आहे. झाडाला ऊन लागतंय."

ते गणपतराव हवालदार. माझी पिठाची गिरणी आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एकच भिंत, तीही निम्मी पडलेली. त्यामुळं त्यांचं अंगण मला बसल्या जागेवरून दिसायचं. दिवसभर कानात इंजिन आणि नाकात पीठ, अशा माणसाला देवानं काहीतरी करमणूक द्यायलाच हवी. मला त्यानं हवालदार दिले.

लढाई संपल्यावर आपली काही पलटण जपानात पहाऱ्याला नेऊन ठेवली होती, तिच्यात हवालदार होते. देशाला स्वातंत्र्य मिळालं त्याच सुमारास तेही सुटले आणि गावी आले. लढाईवरून परतणारे लोक घड्याळं आणत, कांबळी आणत, एकानं तर ग्रामोफोन आणला होता. हवालदार मोटारीतून उतरले ते छातीशी एक कुंडी धरून. तिच्यात वीतभर उंचीचं झाड, पण खोड असं पिळदार आणि जुनाट, की आजोबांच्या वयाचं झाड कुणीतरी दाबून बसवलं असावं. आता अशा झाडांना बोन्साय म्हणतात. तेव्हा तो शब्द आमच्यापर्यंत आलेला नव्हता. हवालदारांचा साहेब त्या झाडाला अझेलिया म्हणायचा, आणि ज्या म्हाताऱ्या माळ्यानं ते दिलं तो तिसरंच काहीतरी म्हणायचा. गावानं दोन्ही नावं बाजूला ठेवून झाडाचं नाव पाडलं, 'जपानीण'.

आमचे पाटील मुद्दाम बघायला आले. कुंडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "फळ कवा धरतंय?"

"फळ न्हाई धरत."

"मग सावली?"

"हिलाच सावली लागती."

"मग ठिवलीया कशाला?"

"फूल येतंय. वर्सातनं एकडाव."

पाटलांनी थोडा विचार केला. "म्हंजी सरकारी नोकर हाय म्हना की," असं म्हणून ते निघून गेले.

हवालदारांना या झाडाची सगळी विद्या त्या म्हाताऱ्या माळ्यानं दिली होती, आणि तीही हातवाऱ्यांनी. त्याला मराठी येत नव्हती, यांना जपानी. छावणीशेजारीच त्याची बाग. हवालदार पहारा संपला की तिथं जाऊन उकिडवे बसत. म्हातारा आभाळाकडे बोट करून ओंजळ धरी, म्हणजे पावसाचं पाणी. विहिरीकडे बघून दोन्ही हात एकमेकांवर आडवे मारी, म्हणजे हे नको. पांढऱ्या भिंतीवर नख ओढून पुन्हा हात आडवे मारी, म्हणजे चुना तर मुळीच नको. हवालदार हे सारं मला करून दाखवत, तेव्हा गिरणीत दळणाला आलेल्या बायका तोंडाला पदर लावत.

आता आमच्या गावच्या विहिरींचं पाणी असं, की त्यात तुरीची डाळ दुपारपर्यंत शिजत नाही. ते जपानिणीला कुठून चालणार? हवालदारांनी पागोळ्यांखाली रांजण मांडले. पावसाळ्यात भरून घ्यायचे, तोंडाला फडकी बांधायची, आणि पुढं उन्हाळाभर ते पाणी तिला एकटीला. एकदा वाईकडचे पाहुणे आले आणि त्यांनी चालून आलेले पाय त्या रांजणातल्या पाण्यानं धुतले. हवालदारांनी पाहुण्यांना जेवू घातलं, पानसुपारी दिली, पण जाईपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, "आण्णा, पलटनीत असं चालत न्हाई."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जगात जे जे त्यांना पटत नव्हतं, ते ते पलटणीत चालत नव्हतं.

मातीचीही तीच तऱ्हा. आमची काळी माती ऊस पोसते, माणसं पोसते, पण जपानिणीच्या पायांना ती बोचायची. तिला तांबडी, भुसभुशीत, पाला कुजलेली माती हवी. म्हणून हवालदार मोटारीनं पाटणला जात, तिथून पायी कोयनेच्या वरच्या रानात, आणि तिथली माती पोत्यात भरून आणत. ते दिवस रेशनचे. पाटणकडून तांदूळ चोरून येतो म्हणून नाक्यावर झडती असे. लष्करी मिशांचा माणूस पोतं मांडीवर घेऊन बसलाय म्हटल्यावर जमादाराला वाटलं, सापडला. त्यानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.

"माती हाय," हवालदार म्हणाले.

"माती? आन् ती कशाला?"

"झाडाला."

"तुमच्या गावात माती न्हाई?"

जमादारानं सगळं पोतं रस्त्यावर उपडं करून घेतलं. मातीखाली माती निघाली. तेव्हा तो इतका हिरमुसला, की हवालदारांनाच त्याची दया आली. पोतं परत भरताना दोघं मिळून भरत होते म्हणे.

पहिल्या वर्षी फूल आलं नाही. चूक हवालदारांचीच. या झाडाची कापणी फुलं सरली की लगेच करायची, पुढं कात्रीला हात लावायचा नाही, कारण पावसाळ्याच्या अखेरीस पुढच्या वर्षाच्या कळ्या टोकाटोकाला धरतात आणि सगळी थंडी तशाच मिटून बसतात. म्हाताऱ्यानं हे हातवाऱ्यांनी सांगितलं असेलच, पण वर्षभराचं पंचांग हातवाऱ्यांत कितीसं मावणार? आमच्याकडे दिवाळीला सगळं घर हजामती करून घेतं. हवालदारांनी तिचीही केली. कापलेल्या शेंड्यांत कळ्या दिसल्या तेव्हा ते ओट्यावर जे बसले ते दिवेलागणीला उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या मिशांचे आकडे उतरवले. "आपुन आपलीच मानसं कापली, आण्णा," म्हणाले. "पलटनीत गोळी घालत्यात ह्याला."

आणि या सगळ्यात हौसाबाई कुठं होत्या?

हौसाबाई म्हणजे हवालदारांची बायको. नवरा सहा वर्षं लढाईवर असताना या बाईनं उसाला पाणी पाजलं, गुऱ्हाळं केली, सासू-सासऱ्यांचं शेवटचं केलं. पोरबाळ झालं नव्हतं. नवरा परत आला तो झाड घेऊन. बायका नदीवर टोमणे मारायच्या, "हौसा, सवत काय म्हनती गं?" हौसाबाई धुणं आपटत राहायच्या. पण घरी कुंडीला त्यांनी कधी बोट लावलं नाही. अंगण झाडताना ती जागा सोडून झाडायच्या. नवराबायकोंत भांडण नव्हतं, पण बोलणंही फारसं नव्हतं. सहा वर्षांत दोघांची बोलायची सवयच मोडली होती. हवालदार दिवसभरात झाडाशी जेवढं बोलत, तेवढं बायकोशी महिन्यात बोलत नसतील. गावाला वाटे, माणूस वाया गेला. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटे, आणि हौसाबाई समोर दिसल्या की हवालदारांचा राग यायचा.

दुसऱ्या वर्षी हवालदारांनी कात्री ट्रंकेत कुलूप लावून ठेवली. भादवा सरताना शेंड्याशेंड्यावर टपोऱ्या कळ्या धरल्या. रोज सकाळी ते भिंतीवरून हाक मारत, "आण्णा, समद्या हजर हायत!" फाल्गुनात झाड फुलणार, जपानात बघितलं होतं तसंच पान दिसेनासं होईपर्यंत फुलणार, यात त्यांना शंका नव्हती.

मग दसरा आला. हवालदार माती आणायला कोयनेकडे गेले होते. इकडे हौसाबाईंनी घर काढलं. भांडी घासून झाली, वाकळा नदीवर धुऊन झाल्या, भिंतींना चुना झाला, तुळशीच्या कट्ट्याला चुना आणि गेरू झाला. चुनवणी थोडी उरली. हौसाबाई कुंडीपुढं उभ्या राहिल्या. मी बघत होतो, त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग पदर खोचला आणि खाली बसल्या. कुंडी पांढरीशुभ्र केली. सातारच्या रस्त्याच्या कडेच्या झाडांना असतो तसा त्या वीतभर झाडाच्या खोडालाही चुना दिला, वर गेरूचा पट्टा ओढला. वाळवी लागू नये म्हणून राहिलेली चुनवणी बुंध्यात ओतली, आणि हळदकुंकू वाहिलं.

मी इंजिनाचं तेल पुसत होतो. चुनवणी ओतताना ओरडायला हवं हे माझ्या ध्यानात आलं, तोवर ती ओतून झाली होती.

संध्याकाळी हवालदार खांद्यावर पोतं घेऊन आले. हौसाबाई दारात उभ्या. म्हणाल्या, "दसऱ्याला समद्या घराला रंग दिला. हिलाच एकलीला कशी ठिवू? घरातलीच हाय की आता."

हवालदारांनी पोतं खाली ठेवलं. झाडाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मी भिंतीपाशी उभा होतो. पाय धुतलेल्या पाहुण्यांशी जो माणूस बोलला नव्हता, तो आता काय करील याची मला धास्ती वाटत होती.

"लय झ्याक दिसतंय," हवालदार म्हणाले. "म्या इतके दिस सांभाळली, पर हे काय मला सुचलं न्हाई."

हौसाबाई लाजल्या. मी त्यांना लाजताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या शेताकडे गेल्यावर हवालदार गिरणीत आले. ओंजळभर तांदळाचं पीठ मागितलं, अगदी बारीक. माझ्या घरचं थोडं होतं ते दिलं. पण रेशनच्या दिवसांत हा तांदळाच्या पिठाचं काय करतो, हे बघायला मी भिंतीशी गेलो. त्यांनी झाड कुंडीतून काढलेलं होतं. मुळं पावसाच्या पाण्यात खळबळून धुतली, खोडाचा चुना फडक्यानं एकेक बोट पुसून काढला, नवी तांबडी माती घालून झाड परत बसवलं. मग पिठाची पेज केली आणि कुंचल्यानं कुंडीला आणि खोडाला ती लावायला लागले. गेरूच्या पट्ट्याच्या जागी कुंकू कालवून पट्टा ओढला. कालच्यासारखं हुबेहूब.

"हवालदार, हे काय?"

ते दचकले. मग म्हणाले, "चुना काढल्याला तिला दिसाया नगो."

"अहो, पण सांगा की सरळ, चुन्यानं झाड मरतं म्हणून. वहिनींना काय कळत नाही?"

"आण्णा," कुंचला खाली ठेवून ते म्हणाले, "तिकडं म्हाताऱ्याच्या बागंत हे फुलल्यालं बघितलं, तवा पयल्यांदा हौशीची सय आली. म्हनलं, घड्याळ काय, साडी काय, कुनीबी आनतंय. हे न्यायचं. तिच्यासाठी आनलंय हे. उतरलो त्या दिशी सांगनार व्हतो. पर झाड दमल्यालं, पानं गळाल्याली. असलं बायकूच्या हातात काय द्यायचं? म्हनलं, फुललं म्हंजी सांगू. पयल्या वर्सी म्याच घात केला. औंदा फुलनार व्हतं."

"मग आता सांगा."

"आता कसं सांगू? तुझंच व्हतं म्हनलं, तर तिनं आपल्या हातानं आपलंच मारलं असं व्हईल. जल्मभर मनाला लावून घेईल ती." मग आवाज चढवून म्हणाले, "आन् तुमीबी बोलायचं न्हाई. ऑर्डर हाय!"

मी शब्द दिला.

पेजेला मुंग्या लागल्या. हवालदारांनी रोज त्या वेचून काढल्या. पण कळ्या आधी तपकिरी झाल्या, मग पानं पिवळी पडली. "थंडीत हिची पानगळ असती," ते हौसाबाईंना सांगत. संक्रांत गेली. झाडाच्या फांद्या काडीसारख्या मोडायला लागल्या, तरी हा माणूस ते उन्हातून सावलीत नेत होता, सकाळी पाणी घालत होता. वाळलेल्या लाकडावर छत्री धरलेला हवालदार बघून गाव पोट धरून हसलं. मला हसू आलं नाही.

शिमग्याच्या आधी हौसाबाई दळण घेऊन आल्या. पाटी ठेवून जरा टेकल्या.

"भाऊजी, गेलं की वो झाड. मला रातध्याड घोर, माझा हात लागला म्हून गेलं का काय. तसं ह्येन्ला इचारलं बी."

"मग?"

"तर म्हनले, छ्या! तुझ्या हातानं तर चार महिनं जास्ती जगलं. जपानी मालच त्यो, टिकनार किती!" त्या हसल्या. मग हसू थोडं ओसरलं. "कायबी म्हना, लय जीव लावला त्याला. सहा वर्सं लांब ऱ्हायलं मानूस, येताना माझ्यासाठी बांगडीबी आनली न्हाई. आनलं ते झाड. मी म्हनते, त्यातला चार आनं जीव माझ्या वाट्याला आला असता तर..."

त्यांनी पाटी माझ्याकडे सरकवली. जिभेवर आलेलं वाक्य मी कसं गिळलं ते माझं मला ठाऊक. मी उठून पट्टा चढवला आणि इंजिन चालू केलं, त्या आवाजात माणसाला काही बोलता येत नाही. हौसाबाईंचं ते दळण मात्र मी दोनदा दळलं.