चिठ्ठ्यांचा गठ्ठा

गुडघे धड चालत नाहीत, तरी त्या बुधवारी सुनेच्या पुस्तकांवरची धूळ झटकायची मला दुर्बुद्धी झाली. तीन भिंती भरून पुस्तकं. पूर्वी माणसं कशी राहिली, का भांडली, कुणी कुणाला राबवलं, सगळं त्यांत आहे म्हणे. (मला विचारलं असतं तर एका दुपारी सांगून मोकळी झाले असते.) सून कॉलेजात शिकवते आणि गेली अकरा वर्षं एक ग्रंथ लिहितेय. विषय, बायकांच्या घरकामाचा इतिहास. ती लिहीत असते तेव्हा घरकाम मी करते.

तर प्रत्येक पुस्तकातून चिठ्ठ्या लोंबत होत्या. पिवळ्या, पांढऱ्या, एक तर चक्क लाँड्रीची पावती. म्हटलं, काय हा पसारा! एकूण एक उपसल्या, दोऱ्याने गठ्ठा बांधला, पुस्तकं पुसून लख्ख केली. संध्याकाळी सून आली आणि उंबऱ्यातच मटकन बसली.

"आई, चिठ्ठ्या कुठायत?"

"टाकल्या नाहीत गं. ह्या बघ, नीट बांधून ठेवल्यात."

"अहो, कुठल्या पानावरून काय घेतलं त्याच्या खुणा होत्या त्या! शनिवारी छापखान्याला पानांचे आकडे द्यायचेत. नाही दिले तर ग्रंथ गेला पुढच्या वर्षावर."

"आई, तुला कुणी सांगितलं होतं?" मुलगा म्हणाला. (हा स्वतःची कपबशी उचलत नाही.)

सून रडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती कपाटाकडे बघत राहिली. मला अक्षर वाचता येत नाही, पण एकदा पाहिलेलं मी विसरत नाही.

"ऊठ," म्हटलं. "ते विटकरी, पाठ फाटलेलं काढ. चहाचा डाग पडलाय त्या पानात पावती होती. शेजारच्या हिरव्यात दोन, एक अगदी शेवटी, जात्यावर बसलेल्या बाईचं चित्र आहे तिथे."

तिने पानं उलटली. "आई! इथंच!"

तीन दिवस हेच. मी खुर्चीत बसून सांगायची, ती आकडे टिपायची. स्वयंपाक मुलाने केला. (खरं तर त्या ग्रंथात याचं वेगळं प्रकरण हवं होतं.) शनिवारी आकडे गेले. पुढे छपाईची तपासणी संपेपर्यंत दोन महिने मी त्या खोलीत फडकं नेलं नाही.

ग्रंथ आला. सुनेने पहिल्या पानांतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "आई, ही तुमच्यासाठी." माझे डोळे असे भरून आले, की काय लिहिलंय हे विचारायचंच राहिलं. महिनाभर येईल त्याच्यापुढे ते पान धरलं. लोक वाचायचे आणि गालात हसायचे. मला वाटायचं, कौतुक.

शेवटी शेजारणीने चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "छपाईची तपासणी संपेपर्यंत पुस्तकांना पुन्हा हात न लावल्याबद्दल सासूबाईंचे मनःपूर्वक आभार."

पंचावन्न वर्षं घरकाम केलं. आभार मिळाले ते न केलेल्या कामाचे, आणि तेही मीच येईल त्याला दाखवत बसले.