विरक्त मेंढा

मेंढरांच्या पैदाशीवर व्याख्यान द्यायला गुरांचे एक मद्रासी डॉक्टर सोलापुरात आले, तेव्हा त्यांचं इंग्रजी मराठीत सांगायला वेणीमाधव मास्तरांना बोलावणं गेलं. मास्तर हायस्कुलात संस्कृत शिकवत आणि इंग्रजीही झकास बोलत. अडचण एकच होती. विषय नराच्या आंडांचा होता आणि धनगरांच्या बायका पुढेच बसल्या होत्या.

डॉक्टरांनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं, की पोटाच्या उष्णतेत बी नीट धरत नाही, म्हणून या दोन ग्रंथी बाहेर पिशवीत लोंबतात. तिथून बी नळीने पुढे जातं. शिवाय त्यांचा रस रक्तात मिसळतो, त्यानेच नराला जाड मान आणि मस्ती येते. मास्तर फळ्याकडे पाठ करून म्हणाले, "परमेश्वराने दोन संपुटं शीतल स्थळी ठेविली आहेत. वंशाचं आणि पराक्रमाचं मूळ तिथंच आहे." धनगरांनी हात जोडले.

मग डॉक्टरांनी मोठा लोखंडी चिमटा काढला. कातडी न कापता आतली शीर कशी चेपायची ते दाखवायला, ज्याची पैदास नको असा मेंढा त्यांनी मागितला. मास्तरांनी पुष्कळ विचार करून शब्द निवडला. "ज्याला विरक्त करायचं असेल, तो मेंढा पुढं आणा."

विरक्त म्हणजे मठातले स्वामी, एवढं अक्कलकोटकडच्या बिरप्पाला ठाऊक होतं. हा मान आपल्याच मेंढ्याचा, म्हणून तो उठला. त्याच्या मेंढ्याच्या वंशाचं कोकरू मिळावं म्हणून बार्शीहून माणसं येत. डॉक्टरांनी पिशवी चाचपली आणि ते चकित झाले. इतका उत्तम नर का वाया घालवता, पुन्हा विचारा, म्हणाले. मास्तरांनी विचारलं. बिरप्पाने पटका सारखा केला.

"करा की. नशीब हाय त्येचं."

चिमटा उघडला, तशी बिरप्पाची बायको बनाबाई उठून आली. तिने चित्र पाहिलं, मग चिमटा कुठे चाललाय ते पाहिलं.

"मास्तर, मेंढा खच्ची कराय निगालासा व्हय?"

मास्तर आभाळाकडे बघत म्हणाले, "थोडक्यात, तसंच."

बनाबाईने मेंढ्याला शिंगाला धरून मागे ओढलं आणि नवऱ्याच्या हाती दिलं. मग फळ्यावर काठी ठेवून बी कुठं होतं, कशातून वाहतं, शीर चेपली की काय होतं, ते तिने साऱ्यांना धनगरी बोलीत सांगितलं. भराभर माना हलल्या. एकाने मरतुकडा मेंढा आणला. त्याचं काम झालं आणि तो उठून पाला खाऊ लागला.

डॉक्टरांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी अहवालात लिहिलं, की मास्तरांचं भाषांतर इतकं स्पष्ट होतं, की ऐकणारेच एकमेकांना समजावू लागले. महिन्याभरात हुकूम आला. टेंभुर्णीपासून सुरुवात करून अशाच बारा व्याख्यानांचं भाषांतर मास्तरांनी करायचं होतं.

हुकूम खिशात घालून मास्तर बिरप्पाच्या तळावर गेले. बनाबाई कोकराला पाजत होती. चित्रातल्या कशाकशाला काय म्हणतात ते हवंय, असं त्यांनी खाली बघत सांगितलं. ती हसली नाही. पोराला शिकवावं तसा एकेक शब्द तिने सावकाश उच्चारला आणि म्हणाली, "ल्ह्या की."

मास्तरांनी वही उघडली, मागे कोणी नाही ना ते पाहिलं, आणि पहिला शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला.