व्हर्नननं सीपीए बदलला त्याची गोष्ट

या, असे जवळ या. मागच्यांनी पुढं सरकावं, दाराच्या चौकटीला टेकून कथा ऐकू नये. आज आख्यान लावलं आहे ते उत्तर मिनेसोटातल्या टॅमरॅक बेंड गावच्या व्हर्नन टॉलेफसनचं. त्यानं आपला सीपीए कसा पारखून निवडला आणि त्या निवडीचं फळ कुणाच्या पदरात पडलं, ते सांगायचं आहे. चित्त द्यावं.

मनुष्याला जन्मात तिघांपुढं खरं बोलावं लागतं: देव, डॉक्टर आणि सीपीए. पैकी देवाला आधीच सगळं ठाऊक असतं. डॉक्टर आपल्या शब्दावर विसंबत नाही, रक्त काढून घेतो. उरला सीपीए, म्हणजे सरकारी परीक्षा उतरलेला, सनद मिळालेला हिशेबनीस (आपल्याकडच्या सीएचा सख्खा चुलतभाऊ). त्या बिचाऱ्याला आपण सांगू तेवढंच कळतं. म्हणून तिकडचा विचारी गृहस्थ देव बदलत नाही, डॉक्टर सहसा बदलत नाही. सीपीए मात्र बदलून पाहतो.

व्हर्नन विचारी होता. त्याचा धंदा गावाबाहेरच्या घरांच्या सेप्टिक टाक्या उपसण्याचा. तीन टँकर, दोन गडी, साडेआठशे गिऱ्हाइकं. धंदा मानाचा आहे. ज्याला तसं वाटत नसेल त्यानं थँक्सगिव्हिंगच्या सणाला बारा पाहुणे जेवायला बोलवावेत आणि त्याच दिवशी टाकी तुंबू द्यावी.

व्हर्नननं आपल्या बायकोला, अर्डिसला, एक शब्द दिला होता. अर्डिसच्या हातांना संधिवात. तिथल्या हिवाळ्यात तिची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी व्हायची. डब्याचं झाकण निघायचं नाही, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणं तर कधीच सुटलं होतं. डॉक्टरनं सांगितलं, कोरड्या उन्हाच्या मुलखात जा. तिची बहीण अॅरिझोनात ट्यूसॉनला राही, आणि बहिणीच्या शेजारचं घर एक लाख चाळीस हजार डॉलरला मिळण्यासारखं होतं. "धंदा विकला की दुसऱ्या दिवशी निघायचं," असं व्हर्नन म्हणाला होता, आणि तो मनापासून म्हणाला होता.

आता मूळ कथा. व्हर्ननची जुनी सीपीए मार्लिस क्वाम, शाळेतली सोबतीण. तिच्या कामात तीन गंभीर दोष होते. एक, ती पावत्या मागायची. दोन, मागितलेल्या पावत्या वाचायची. तीन, वाचून झाल्यावर प्रश्न विचारायची. असल्या बाईशी माणसानं किती वर्षं काढावीत?

व्हर्नननं मासेमारीची नवी बोट घेतली, त्या वर्षी दोघांत स्फोट झाला.

"धंद्याच्या खर्चात टाक," व्हर्नन म्हणाला.

"टाकी उपसायला बोटीनं जातोस?"

"गिऱ्हाइकांना फिरवतो."

"कुठल्या गिऱ्हाइकाला? नाव सांग, तारीख सांग."

"मार्लिस, तू ना, पहिलीपासून अशीच आहेस."

"आणि हे काय? 'ड्यूक, पहारेकरी, वार्षिक वेतन दोन हजार चारशे'? ड्यूक तुझा कुत्रा आहे ना रे?"

"रात्रभर टँकर राखतो."

"मग त्याला फॉर्म भरायला पाठवून दे. सही करता येत नसेल तर पंजा चालेल."

व्हर्नन टोपी घालून उठला. सनदी माणसाला विनोदबुद्धी असावी, पण ती अशिलाच्या बाजूची असावी, असं त्याचं मत पडलं.

मग रीतसर निवडप्रक्रिया सुरू झाली. दंतवैद्याकडं बसल्या बसल्या त्याला एक पत्रक मिळालं होतं, 'सीपीए निवडताना विचारावेत असे आठ प्रश्न'. सनद चालू आहे का, अनुभव किती, शुल्क तासावर की कामावर, इत्यादी. व्हर्नननं ते घडी घालून खिशात ठेवलं आणि प्रत्यक्षात एकच प्रश्न नेला. गावात मार्लिस धरून चार सीपीए. पैकी एक निवृत्त झालेला (पण ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं), एक मेव्हण्याच्या सख्यातला म्हणून बाद. उरला ट्रेंट विकमन. त्याच्या कचेरीच्या भिंतीवर चार फुटी मासा होता, आणि सनद माशाच्या शेपटीखाली.

"बोट धंद्याच्या खर्चात बसते का?" व्हर्नननं विचारलं.

"व्हर्न, राजा," ट्रेंट म्हणाला, "तू ती बसवायची कशी, एवढंच विचार."

निवडप्रक्रिया संपली. एकूण वेळ: चार मिनिटं, त्यात कॉफी ओतणं धरून.

ट्रेंट खरोखर प्रतिभावान होता. त्याच्या लेखणीतून बोट उतरली ती 'फिरतं ग्राहकसंपर्क केंद्र' होऊन. तळ्याकाठची झोपडी 'जलनिस्सारण अभ्यासिका' झाली. हरणाच्या शिकारीची सहल म्हणजे 'भूस्तर पाहणी'. ड्यूकला बढती मिळून तो 'सुरक्षा विभाग' झाला (आणि विभाग दिवसभर कोचावर झोपू लागला). रोखीनं केलेल्या कामांना मात्र ट्रेंटनं कसलंच नाव दिलं नाही. नामरूपाच्या पलीकडं जे तत्त्व आहे ते हेच, असा त्याचा अभ्यास असावा.

दर एप्रिलात नवराबायको ट्रेंटकडं सहीला जात. तिकडं विवरणपत्र दोघांचं मिळून भरतात, सही दोघांची लागते. कुठं करायची ते दाखवायला पिवळ्या बाणांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असत. अर्डिसला पेन धरायलाच मिनिटभर लागे.

"यात काय लिहिलंय?" ती दर वर्षी विचारी.

"चांगलंच लिहिलंय, मावशी," ट्रेंट म्हणे.

"तू कर गं सही, गाडी चालू ठेवून आलोय," व्हर्नन म्हणे.

अशी सात वर्षं. या काळात धंद्याचा खरा नफा साठ हजारांवरून नव्वद हजारांवर गेला आणि कागदावरचा एक्केचाळीसवरून एकोणीसवर आला. धंदा जितका भरभराटीला, तितका मालक कंगाल, हे अर्थशास्त्राला न सुटलेलं कोडं एकट्या ट्रेंटनं सोडवलं. शेवटच्या वर्षी काउंटीनं, म्हणजे तिकडच्या जिल्हा कचेरीनं, टॉलेफसन दांपत्याला आपणहून पत्र पाठवलं: आपल्या मिळकतीकडं पाहता आपण गरिबांच्या सरपणाच्या अनुदानाला पात्र आहात. व्हर्नन ते पत्र मित्रांत हसून दाखवत असे. वाचलेला पैसा कुठं गेला? बोटीत, बर्फावरच्या गाडीत, झोपडीच्या नव्या छपरात. (जुन्या बोटीला पुढं काय किंमत येते, ते ज्यांनी बोट घेतली त्यांनाच विचारावं.)

मग तो दिवस आला. दुलूथ शहराचा लॉयल बेकस नावाचा गृहस्थ धंदा विकत घ्यायला आला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला, अर्डिसनं केलेल्या लिंबाच्या वड्या तीन खाल्ल्या, टँकर वाकून वाकून पाहिले, पसंत केले. मग म्हणाला, "विवरणपत्रं दाखवा. आमच्यात वर्षाच्या नफ्याच्या चौपट देतात."

व्हर्नननं मनातल्या मनात नव्वदची चौपट कधीच करून ठेवली होती. लॉयलनं एकोणीसची केली.

"शहात्तर हजार," तो म्हणाला.

"अहो, हे कागदावरचं झालं. खरा नफा नव्वद आहे."

"असं? मग हे कुणी लिहिलं?"

"सीपीएनं."

"सही कुणाची आहे?"

व्हर्नननं वड्यांची बशी त्याच्याकडं सरकवली.

"हे बघा टॉलेफसन," लॉयल चौथी वडी उचलत म्हणाला, "तुम्ही सरकारला खोटं सांगत होतात की मला सांगताय, त्यात मला पडायचं नाही. मी शपथेवरचं धरतो. महिनाभर वाट बघतो."

व्हर्नन तडक ट्रेंटकडं गेला. खरे आकडे लिहून दे म्हणाला. आणि सात वर्षांत पहिल्यांदा ट्रेंटच्या मुखातून तो शब्द बाहेर पडला. "नाही. राजा, तू जे सांगितलंस तेच मी लिहिलं. करारपत्राच्या चौथ्या पानावर आहे बघ: माहितीच्या सत्यतेची जबाबदारी सर्वस्वी अशिलाची. खाली तुझी सही आहे." तिथंही पिवळा बाणच होता.

शेवटी तो मार्लिसकडं गेला. तिनं टोमणा मारला नाही, हे त्याला फार लागलं. तिनं हिशेबाच्या यंत्रावर बोटं चालवली.

"आधी वकील गाठ, मग मी. मागच्या सहा वर्षांची विवरणपत्रं खरी करून भरायची, त्यामागं सरकार सहसा जात नाही. कर, दंड, व्याज मिळून एक लाख नव्वद हजारांच्या घरात जाईल. नव्वदच्या नफ्यावर धंदा तीन लाख साठला जातो. उरले एक लाख सत्तर. ट्यूसॉनचं घर केवढ्याला?"

"एक चाळीस."

"मग बसतंय की. दंडाची रक्कम विक्रीतून भरता येईल का, ते वकील बघेल."

"आणि लिहायचं काय?"

"आधी भरलेलं खोटं होतं, हे."

"लॉयल वाचेल. दुलूथपासून इथपर्यंत सगळ्यांना कळेल. मी चर्चच्या कार्यकारिणीवर आहे, मार्लिस."

"हो," मार्लिस म्हणाली. "ते यंत्रात धरलेलं नाही."

घरी येऊन त्यानं अर्डिसला सगळं सांगितलं. म्हणजे बरंचसं. ती ऐकत राहिली, दोन्ही हात कॉफीच्या कपाभोवती शेकायला धरून.

"म्हणजे सात वर्षं मी खोट्यावर सही केली?"

"तुला काही होणार नाही गं. तुला ठाऊकच नव्हतं."

"दर वर्षी विचारत होते की मी."

त्यानं तिच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"मग लिही ना खरं. घर बसतंय म्हणाली ना मार्लिस?"

"अगं, असं कागदावर 'मी खोटं बोललो' म्हणून..."

"दर रविवारी चर्चमध्ये म्हणतोस की. 'आम्ही विचारानं, उच्चारानं, आचारानं पाप केलं.' चांगला खणखणीत आवाज लावतोस. सगळ्यांच्या बरोबर म्हणायचं असतं, आणि त्याला दंड नाही, म्हणून जमतं का रे?"

व्हर्नननं या प्रश्नावर महिनाभर गांभीर्यानं विचार केला. विचार करायला तो झोपडीवर, म्हणजे जलनिस्सारण अभ्यासिकेत जाऊन राहिला. महिना संपला तेव्हा त्यानं लॉयलला कळवलं की धंदा विकायचा विचार तूर्त रहित केला आहे, बाजारभाव बरोबर नाही. गावात त्यानं सांगितलं की अर्डिसचाच पाय इथून निघत नाही. लोकांना ते पटलं, कारण अर्डिसनं ते खोडून काढलं नाही. नवऱ्याची अब्रू झाकायची तिला जुनी सवय. कार्यकारिणीवर व्हर्ननची पुन्हा एकमतानं निवड झाली. या वेळी त्याच्याकडं खजिनदारी आली. ट्रेंटकडं अशिलांची रांग लागते. आधी वेळ घेऊन जावं लागतं.

हसलात? हसावं, कथा त्यासाठीच असते. मात्र उठण्यापूर्वी एवढं आठवून पाहावं की गेल्या वर्षी आपल्या सीएनं जिथं बोट ठेवलं तिथं आपण सही केलीत, त्याच्या वरच्या ओळीत काय लिहिलं होतं. वडिलांच्या नावानं जोडलेल्या घरभाड्याच्या बारा पावत्या आठवतात? महसुली तिकीट लावून, वडिलांचा हात धरून सही घेतलेल्या? त्यातलं एका तरी महिन्याचं भाडं वडिलांच्या हाती पडलं का? नसेलच पडलं, उलट सही करताना "हे कसलं रे?" असं त्यांनी विचारलं असेल, आणि "तुम्ही करा हो, बाबा, घाई आहे," असं आपण म्हटलं असेल.

असो. पुढचा हिवाळा लागला आहे. टॅमरॅक बेंडला एक बाई दोन्ही हात कपाभोवती धरून बसली आहे, आणि कप केव्हाच गार झाला आहे. घरातल्या कुणापुढं कागद सरकवून पेन हातात द्याल, तेव्हा त्या अर्डिसची आठवण ठेवा, एवढीच विनंती.