सईची हळद

नानासोंनी दुकानावर दिव्यांची पाटी लावली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं असं माझं प्रामाणिक मत आहे. (आमच्या विजयमालाचं मत वेगळं आहे. तिच्या मते माझं डोकं चाललं नसतं, तर पुढचं काही घडलं नसतं.)

नानासो म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डातले माझे शेजारी. धंदा दोघांचाही हळद पावडरीचा. त्यांच्या पाकिटावर त्यांचा स्वतःचा फोटो असतो, मिशांसकट. माझ्या पाकिटावर माझ्या मुलीचं नाव असतं, 'सई हळद'. ती जन्मली त्याच साली मी हा छाप काढला आणि तेव्हापासून उरात एकच स्वप्न बाळगलं. लग्नात सईच्या अंगाला हळद लागेल ती सई हळदच. हे मी अख्ख्या यार्डात इतक्यांदा सांगितलं होतं, की मी तोंड उघडलं की हमालसुद्धा दुसरीकडे बघायचे.

तर नानासोंची पाटी लांबून दिसायला लागली आणि माझं पित्त खवळलं. मी ठरवलं, आपण असं काहीतरी करायचं की थेट अमेरिकेतून दिसलं पाहिजे. साल नव्याण्णव. विश्रामबागेत कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या निमिष सरांनी मला वेबसाइट काढून दिली. घरी कॉम्प्युटर आला, फोनची वायर त्याला जोडली, आणि मी जगाची वाट बघत बसलो. जग काही आलं नाही. वेबसाइटवर येऊन गेलेल्यांचा आकडा वाढायचा, पण तो मीच साइट सारखी उघडून बघत होतो म्हणून.

"काका, लोक आपणहून येत नसतात," निमिष सर म्हणाले. "ई-मेलनं न्यूजलेटर पाठवा. एकदा लिहायचं, सगळ्यांना एकदम जातं."

सगळ्यांना एकदम! मी भारावून गेलो. (ह्याच दोन शब्दांनी पुढे माझा घात केला.) पुण्याचे भाचे, कॅलिफोर्नियातला चुलतभाऊ, हैदराबादचे मसालेवाले, ज्याचा म्हणून ई-मेल मिळाला त्याचा घेतला. आणि त्यात एक ई-मेल जयराजचाही होता.

हा जयराज म्हणजे इस्लामपूरच्या हंबीररावांचा मुलगा, बेंगलोरला इंजिनिअर. पंधरवड्यापूर्वीच तो आमच्या सईला बघून गेला होता. मुलगा सोन्यासारखा. सई तोंडानं काही बोलली नव्हती, पण तेव्हापासून भाजीत मीठ दोनदा पडत होतं, त्यावरून काय ते आम्ही ओळखलं. फक्त हंबीररावांचा निरोप यायचा बाकी होता. विजयमालानं मला बजावलं होतं, "तुमी सवताहून फोन करायचा न्हाई. मुलीकडच्यांनी उतावळेपणा दाखवू नये." मी शब्द दिला. फोन नाहीच केला. धंद्याचं पत्र पाठवलं तर त्यात उतावळेपणा कसला?

आता पत्राची भाषा. मराठी अक्षरं पाठवली तर पलीकडे नुसत्या चौकटी दिसतात, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहायचं ठरलं. आणि छापील, भारदस्त मराठी म्हणाल तर मी आयुष्यात एकच वाचत आलोय, लग्नपत्रिकेतली. झकास जमलं. नव्या हंगामाची पाकिटं रविवारी काढायची होती आणि गिऱ्हाईक काउंटरवर 'सईची हळद द्या' असंच मागतं, तेव्हा मी लिहिलं: "आमचे येथे श्रीकृपेकरून सईची हळद येत्या रविवारी काढण्याचे योजिले आहे. तरी सहकुटुंब, सहपरिवार येऊन लाभ घ्यावा."

बटण दाबलं आणि नानासोंच्या पाटीकडे बघून हसलो.

दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. एवढी उत्तरं बघून मी सईला हाक मारली, म्हटलं वाच, बघ बापाचा धंदा कुठं पोचला. तिनं वाचायला सुरुवात केली. चुलतभावानं विचारलं होतं, साखरपुडा परस्पर उरकलात, आम्हाला कळवलंसुद्धा नाही? भाचा लिहीत होता, मामा, मुलगा काय करतो? एका आत्यानं नातवाकडून लिहून घेतलं होतं, की हळद एवढी घाईनं का, सगळं ठीक आहे ना? फक्त हैदराबादवाल्यांना तसलं काही वाटलं नाही. इंग्रजी अक्षरांतल्या 'सई'चं 'साई' वाचून त्यांनी शिर्डीच्या साईबाबांचा प्रसाद समजून नमस्कार कळवला होता.

मी हादरलो. खुर्चीत होतो म्हणून बरं, नाहीतर पडलोच असतो.

सईनं वाचता वाचता मान वर केली. "आबा, हे जयराजनाही पाठवलंय?"

मी होय म्हणालो. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "म्हणजे त्यांना वाटलं असणार, माझं दुसरीकडे जमलं." आणि आत गेली. पोरीचं ते तोंड मला बघवेना. एरवी मी चूक कबूल करणारा माणूस नाही, पण त्या दिवशी मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

आणि मग चूक निस्तरायला गेलो. घाईघाईनं सगळ्यांना एकदम दुसरं पत्र धाडलं: "सईची हळद रद्द. गैरसमज नसावा."

संध्याकाळी मिरजेची मावशी डोळ्याला पदर लावतच रिक्षातून उतरली. तिला भाच्यानं पुण्याहून कळवलं होतं. सईला कुशीत घेऊन म्हणाली, "मोडलं तर मोडू दे बाई. तसली माणसं नशिबात नव्हती तेच बरं." विजयमाला स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला तोवर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मावशीनं सगळं सांगितलं आणि विजयमाला माझ्याकडे बघतच राहिली. हातात लाटणं होतं. (त्याबद्दल जास्त लिहीत नाही.)

रविवारी सकाळी दारात जीप थांबली. हंबीरराव उतरले. मागून जयराज, तांबारलेल्या डोळ्यांचा, बेंगलोरहून रातोरात बसनं आलेला.

"पाव्हणं," हंबीरराव बसायच्या आधीच म्हणाले, "पोरगी द्यायची नव्हती तर तोंडावर सांगायचं हुतं. आमी काय रागावलो नसतो. आठवडाभर फोन लावतोय. आमचं व्हय हाय, एवढंच सांगायचं हुतं. तर तुमचा फोन सदानकदा एंगेज."

फोनची वायर कॉम्प्युटरला. मी तोंड उघडलं, पण हळद, पाकीट, पाटी, नानासो, कुठून सुरू करू तेच कळेना. नुसतं त त प प झालं. तेवढ्यात सई चहा घेऊन आली. कपबश्यांच्या शेजारी तिनं ट्रेमध्ये एक पाकीट ठेवलं होतं. जयराजनं ते उचललं आणि वाचलं, "सई हळद. स्वयंपाकासाठी व शुभकार्यासाठी."

"ती ही हळद," सई म्हणाली. "माझी अजून व्हायचीय."

जयराज असा काही हसला की चहा बशीत सांडला. हंबीररावांना समजायला जरा वेळ लागला, पण समजल्यावर तेही मांडीवर थाप मारून हसले. विजयमालानं साखर आणली. सुपारी तिथंच फुटली. माझे डोळे भरून आले, आणि खरं सांगतो, ते हळदीच्या भुकटीनं नव्हे.

तरी उत्तरं थांबेनात. कुणी अभिनंदन करी, कुणी सांत्वन. शेवटी वैतागून मी सगळ्यांना एकदम अखेरचं पत्र धाडलं: "सई हळद संपली. अजिबात शिल्लक नाही. कृपया कोणीही मागू नये." (गोदामात पोती तशीच होती. वेबसाइटवरून एक पाकीट गेलेलं नव्हतं.)

मे महिन्यात लग्न. सर्वांत चांगली हळकुंडं वेगळी काढून मी ती स्वतः उभा राहून दळून घेतली होती. मांडवात डबा मांडीवर घेऊन बसलो. नानासोंना मुद्दाम पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. तेवढ्यात वाजंत्री वाजली आणि नवऱ्यामुलाकडच्या बायका ताट घेऊन आल्या. नवऱ्याची उष्टी हळद.

उभा जन्म हळदीत गेला, आणि नवरीला हळद लागते ती नवऱ्याची उष्टी, म्हणजे त्यांच्या घरून आलेली, एवढी गोष्ट मी साफ विसरलो होतो. डबा घेऊन पुढे झालो. ताटात वाटीशेजारी उरलेलं पाकीट होतं. त्यावरून नानासो माझ्याकडे बघत होते, मिशांसकट.

मी हंबीररावांकडे पाहिलं.

"आवं, तुमचीच घेनार हुतो," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "पर जयराजनं तुमचा मेल दावला. शिल्लक न्हाई, कुणी मागू नये म्हणून."

सईच्या गालाला हळद लागली. पोरगी काय दिसत होती म्हणून सांगू! पुढच्या खुर्चीवरचे नानासो मिशीला पीळ देत होते, आणि मी डबा धरून उभा होतो.

विजयमालानं माझ्या हातातून डबा काढून घेतला आणि हळूच म्हणाली, "आता हेबी कळवा की सगळ्यांना एकदम."