राठोड सिस्टरचा गाडा

लोखंडी पाइप लेकराच्या झोळीत घालून तोलणारी बाई तुम्ही पाहिली आहे? मी पाहिली आहे. माझ्याच दुकानाच्या आढ्याला तिनं तो काटा टांगला होता. वर घड्याळासारखी गोल तबकडी, खाली कापडी झोळी. अंगणवाडीत लेकरं तोलतात तोच. झोळीला पाय काढायला दोन भोकं असतात, त्यांतून पाइपाची टोकं बाहेर यायची. राठोड सिस्टर चष्मा कपाळावर सरकवून काटा बघायच्या आणि जाहीर करायच्या, "तीन किलो दोनशे. तब्येत झकास हाय. पन मला दोन किलोचं पायजे."

"सिस्टर, हलका पाइप वाकतो," मी म्हणायचो.

"सारी नोकरी बायांच्या मागं लागण्यात गेली, वजन वाढवा, वजन वाढवा. आता कुठं कमी करायला मिळून राह्यलं. तू मधात बोलू नको."

आखाडा बाळापूरच्या आसपासच्या गावांत त्या नर्स होत्या. दोन हजार साल उजाडायच्या आगंमागं निवृत्त झाल्या आणि माझ्या सायकलच्या दुकानाला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायला आल्या. एकट्याच. लग्न झालं होतं. नवरा म्हणाला नोकरी सोड, त्यांनी नवरा सोडला. हे त्या स्वतःच सांगायच्या, एखादी यस्टी सुटली म्हणून सांगावं तसं.

निवृत्त झालेली माणसं घर बांधतात, देवाला जातात. सिस्टरनी ठरवलं, गाडा बांधायचा. त्यांच्या जुन्या एम-एटी फटफटीच्या मागं जोडायचा दोन चाकांचा हलका गाडा. त्यात दोन सायकली, तंबू, स्टोव्ह. ईसापूर धरणाकडं जायचं, कालव्याच्या कडेनं सायकल चालवायची आणि तिथंच तंबूत मुक्काम करायचा.

"मग इथून सायकलनंच जा की," मी म्हणालो.

"ह्या नांदेड रोडनं? ट्रकखाली? आन गुडघे तुझे लावू का?"

"बरं, पन मुक्काम काहून?"

"काहून न्हाई?"

हा त्यांचा हुकमी एक्का. बाईमाणसानं हे करावं का, या वयात करावं का, लोक काय म्हणतील; कुठलाही प्रश्न टाका, सिस्टर "काहून न्हाई?" म्हणायच्या आणि समोरच्याकडं बघत राहायच्या.  मग त्याच बोलायच्या, "माझा आजा बैलांवर मीठ लादून कुठच्या कुठं जायचा. तांडाच्या तांडा उघड्यावर. आमच्या बंजारा बाया वाटंत बाळंत व्हायच्या आन तिसऱ्या दिवशी चालू लागायच्या. मी एक रात्र तंबूत झोपले तर गावाच्या बापाचं काय जातं?"

पहिला गाडा त्यांनी चौकातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. त्यानं आयुष्यभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या केलेल्या. चांगलं जाड अँगल लावून त्यानं असा गाडा केला की त्यात म्हैस उभी राहिली असती. सिस्टरनी तो जोडला, सायकली चढवल्या, गिअर टाकला, आणि एम-एटी घोड्यासारखी पुढचं चाक उचलून उभी राहिली. सिस्टर मागच्या मागं ताडपत्रीवर. समोरच्या हॉटेलातले लोक बाकडी बडवून हसले. सिस्टर उठल्या, लुगड्याची धूळ झटकली आणि म्हणाल्या, "हसून घ्या. हसायला डाक्टरची चिठ्ठी लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी काटा घेऊन त्या माझ्या दुकानात आल्या. दवाखान्याच्या भंगाराच्या लिलावात त्यांनी सलाइनचे जुने स्टँड उचलले होते. हलका, सरळ पाइप. पण पातळ. वेल्डिंग केलं की भोक पडायचं. शेवटी सायकलच्या फ्रेमला भरतात तसे पितळेचे जोड मी भरले. चाकं जुन्या लुनाची. एम-एटीला जोडायला सायकलच्या हँडलखालचा बेअरिंगच्या गोळ्यांचा जोड बसवला, म्हणजे वळणावर गाडा आपसूक फिरावा. ओझं चाकांवर आलं पाहिजे, एम-एटीवर नाही, हे त्या पहिल्या उड्डाणातून शिकल्या होत्या. सायकली इंचभर पुढं, इंचभर मागं करत आम्ही आठ दिवस घालवले. गाड्याच्या तळाला फळी नाही, खाटेच्या नवारीची पट्टी. बोल्टाचं जास्तीचं टोकसुद्धा त्या कापायला लावायच्या.

गाडा रस्त्यावर आला तसा चौकात हवालदारानं अडवला.

"हे काय वाहन हाय? नंबर कुठाय?"

"बैलगाडीला नंबर असतो का?"

"बैल कुठाय मग?"

"तो गेल्या साली रिटायर झाला. तुमच्याम्होरं उभा हाय."

हवालदार हसला आणि तिथंच हरला.

आता दुसरी सायकल कुणाची, हा प्रश्न सगळ्या गावाला पडला होता. सिस्टरनी तो लपवला नाही. दर खेपेला एक बाई. कोणतीही. तांड्यावरची, गावातली. "एक दिवस, एक रात्र. सैपाक मी करीन. तिनं फकस्त सायकल चालवायची आन बसायचं." पहिल्यांदा तांड्यावरची त्यांची चुलत भावजय गेली. मग अंगणवाडीच्या बाई. चढ आला की मागं बसलेलीला उतरून चालावं लागे, तरी परत येताना त्या बायांचे चेहरे जत्रेहून आल्यासारखे असायचे. हॉटेलातल्या लोकांचं हसू कमी झालं आणि कुरकुर वाढली. बाया बिघडवून राहिल्यात म्हणे. मीही मान हलवायचो. गिऱ्हाईक तुटायला नको.

आणि एक दिवस भाकरी वाढता वाढता माझी बायको सरू म्हणाली, "आवं, येत्या शनवारी माझा नंबर हाय."

"कशाचा?"

"गाड्याचा."

"तुला सायकल येती का?"

"येती. महिना झाला. शाळंच्या मैदानात सिस्टरनी शिकवली."

सोळा वर्षं मी गावाच्या सायकली नीट करत होतो. घरातली बाई कधी सायकलवर बसली नव्हती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला राग आला. तिचा, सिस्टरचा, सगळ्यात जास्त माझा. पण राग काढायला सोपी जागा शोधली. गाड्याचं एक चाक दुरुस्तीला माझ्याकडं होतं. शुक्रवारी सिस्टर न्यायला आल्या तर मी म्हणालो, "बेअरिंग आलं न्हाई."

सिस्टर स्टुलावर बसल्या. "गोविंदा, तुझी थोरली लेक बाळंतपणात आडवी आली होती. तू दवाखान्याच्या मागं जाऊन रडत होता. मी इचारलं तर म्हनला, डोळ्यात कचरा गेला. तवाचं तुझं खोटं मला वळखू येतं."

मी हातातला पाना पुसायला घेतला.

"लोक काय म्हनतील म्हनून अडवून राहिला न्हवं?"

"लोक बोलतात सिस्टर."

"बोलू दे. मी तीस वर्षं बोलणी खाल्ली. त्यानं वजन वाढत न्हाई." त्यांनी कोपऱ्यातलं चाक उचललं. बेअरिंग बसवलेलं होतंच. हातानं फिरवून बघितलं आणि घेऊन गेल्या.

शनिवारी सरू गेली. लेकरांना मी जेवायला घातलं. भात जळाला. हॉटेलातून कुणीतरी ओरडलं, "काय गोविंदराव, बायको कुठं?" मी म्हणालो, "फिरायला." ते तोंडातून निघून गेल्यावर मला जरा उंच झाल्यासारखं वाटलं.

रविवारी दुपारी ती आली. नाक उन्हानं लाल, कोपर खरचटलेलं, चाल वेगळीच. जेवण झाल्यावर मी विचारलं, "काय काय केलं?"

"सायकल चालवली. एकदा पडले. पिठलं खाल्लं." मग म्हणाली, "आन झोपले."

"ते तर इथंबी झोपती."

"तसं न्हाई. काल दुपारी बाभळीखाली आडवी झाले, ते तीन तास. उन्हं कलली तरी जाग न्हाई. डोळे उघडले तर सिस्टर माझ्याजवळ बसलेल्या. दोन्ही हातांत ताडपत्री धरून. सावली सरकली तशी त्या सरकत गेल्या, माझ्या तोंडावर ऊन येऊ नये म्हनून. मी उठाया गेले तर म्हनल्या, झोप. मी म्हनलं, तुमचे हात दुखले असतील. तर म्हनल्या," सरूचा आवाज बदलला, "म्हनल्या, 'झोपलेल्या बाया मी लई पाहिल्या. समद्या कळांनी थकून झोपलेल्या. निस्तं बरं वाटतं म्हनून झोपलेली बाई मला बघायची होती.'"

मी पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला.

"मी इचारलं, तुमी कवा झोपता अशा? तर हसल्या. नोकरीतल्या निम्म्या राती बाळंतिणीपायी दुसऱ्याच्या ओसरीवर जागून गेल्या, उठून बसायची सवय लागली म्हनल्या. आन आता घरात झोपलं काय, जागं राह्यलं काय, कुनाला कळतं?"

मंगळवारी सिस्टर गाड्याच्या चाकांत हवा भरायला आल्या. सरू भांडी घासायची सोडून, ओल्या हातांनी दुकानात आली. माझ्यादेखत, चार गिऱ्हाइकांदेखत तिनं सांगितलं, "सिस्टर, मला अजून एक खेप पायजे. ह्या बारीला तुमी झोपायचं, ताडपत्री मी धरनार."

सिस्टरनी पंपाचा दांडा दाबला. पुन्हा दाबला. चाक भरलेलं होतं तरी दाबत राहिल्या. बाळापुरात कुणाचंही न ऐकणारी ती बाई खाली बघत इतकी हळू बोलली की मला कान द्यावा लागला.

"मी घोरते गं."

"घोरा की," सरू म्हणाली. "मी हाय ना आयकाया."